आधी उत्तर, मग लिंक

शेवगावच्या कपाशी-तुरीच्या रानात उभं राहून व्हिडिओ करणाऱ्या मित्रांनो, शेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नुसती लिंक टाकून निघून जाऊ नका. कुणी बोंडअळीबद्दल विचारलं, तर कामगंध सापळे कधी आणि कसे लावायचे ते आधी चार ओळींत लिहा. व्हिडिओ स्वतःचाच आहे हे सांगून लिंक मग द्या, तीही ॲडमिनला विचारून. ‘तू मला सबस्क्राइब कर, मी तुला करतो’ हा सौदा तर यूट्यूबच्या नियमांतच बसत नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे, म्हणजे यूट्यूबवरच्या ‘आपली आजी’, लाखो घरांत पोहोचल्या त्या गावरान पाककृतींच्या जोरावर. तेव्हा आज लिंक पाठवण्याआधी ग्रुपमधल्या एकाच्या तरी प्रश्नाला उत्तर द्या.