स्वप्नातला बिबट्या आणि वहीचा कोपरा



जुन्नर-आंबेगावकडे सांजावले की आया पोरांना हाका मारून घरात घेतात. पूर्वी बागुलबुवाची भीती घालावी लागे. आता लागत नाही. कुकडी आणि घोड नद्यांवर धरणे झाली, कालव्यांनी पाणी आले, उसाचे मळे वाढले आणि त्या उसात बिबट्याने बिऱ्हाड थाटले. मोठी माणसे काठी आणि बॅटरी घेऊन बाहेर पडतात. पण पोराचा डोळा लागला आणि बिबट्या स्वप्नात आला, तर त्याच्या हाती काय असते? आज याविषयी बोलायचे आहे, तेही एका चित्रपटाच्या निमित्ताने.

'लिटल नेमो' हा मुलांचा चित्रपट १९८९ साली जपानात प्रथम दाखविला गेला. त्यात नटनट्या नाहीत. सगळी हाताने काढलेली चित्रे. नेमो नावाचा मुलगा झोपेत स्वप्नांच्या राज्यात जातो. तिथला राजा त्याला किल्ली देतो आणि बजावतो, एवढे एक दार उघडू नकोस. आपल्या आजीच्या गोष्टी ऐकलेल्यांना पुढचे सांगायला नकोच! पोरगा नेमके तेच दार उघडतो. वाईट स्वप्नांचा राजा मोकळा सुटतो आणि चांगल्या राजाला धरून नेतो. मग आपल्या हातून झालेली चूक निस्तरायला नेमोच निघतो. भीती वाटते, तरी निघतो. गोष्टीचे मर्म इथे आहे.

हा नेमो मूळचा अमेरिकेतला. विन्सर मॅके या चित्रकाराने १९०५ पासून तो वर्तमानपत्रात काढला. शेवटच्या चौकटीत स्वारी जागी व्हायची. पुढे १९११ मध्ये मॅकेने सुमारे चार हजार चित्रे काढून त्याला पडद्यावर हलते केले.

ही विद्या आपल्याकडेही जुनी आहे बरं का. दादासाहेब फाळक्यांनी १९१५ साली 'आगकाड्यांची मौज' केली. काडी जराशी सरकवायची, एक चित्र टिपायचे. पुन्हा सरकवायची, पुन्हा टिपायचे. पडद्यावर निर्जीव काड्या चालू लागतात! पुण्यात प्रभात कंपनीने १९३४ मध्ये 'जंबूकाका' हे व्यंगचित्रांचे चलच्चित्र काढले. चित्रपटात एका सेकंदाला २४ चित्रे डोळ्यांपुढून जातात. म्हणजे दहा मिनिटांना १४,४०० झाली. कष्टाचे काम खरे, पण त्याचा गाभा वहीच्या कोपऱ्यात मावतो.

माझ्या नात्यातली सात वर्षांची एक मुलगी रात्री दचकून उठे. "उसातून आला," एवढेच म्हणे. घरचे म्हणत, "काही नाही, झोप." मी तिला जुनी वही दिली आणि म्हटले, "कसा आला ते काढ." कोपऱ्यात एक बिबट्या, पुढच्या पानावर तोच थोडा पुढे सरकलेला, अशी चोवीस पाने तिने भरली. अंगठ्याने पाने सोडली, तर बिबट्या चालू लागला! ती आधी दचकली, मग हसली. "आता कुठे जाईल?" मी विचारले. थोडा विचार करून ती म्हणाली, "त्याच्या पिल्लांकडे." आणि आणखी बारा पाने काढून तिने त्याला उसात परत पाठवले.

त्या रात्रीपासून स्वप्न बंद झाले, असे मी सांगणार नाही. दोन दिवसांनी ती पुन्हा उठली. पण या वेळी तिने आईला सगळे स्वप्न सांगितले, आणि सांगता सांगता झोपली.

गुरुजनहो, आपल्या वर्गातही अशी मुले असतील. "स्वप्नात काय पाहिलेस?" एवढे विचारा. चित्र चांगले की वाईट ते पाहू नका, गुण देऊ नका. कागद कोरा नसला तरी चालेल. जुन्या वहीचे समास मोकळेच असतात. पालकांनीही "काही नाही" म्हणण्याआधी क्षणभर ऐकावे.

मात्र एक ध्यानात असू द्या. मळ्यातला बिबट्या कागदावरचा नव्हे. अंधारात पोराला एकटे पाठवू नका, उसाच्या कडेला वाकून बसू देऊ नका. तिथली राखण आपण मोठ्यांनी करायची. स्वप्नात मात्र आपल्याला शिरता येत नाही. तिथे पोर एकटेच असते. म्हणून निजण्यापूर्वी त्याच्या हाती एक पेन्सिल द्यावी.