घर सांभाळणाऱ्या माउलीचे माध्यान्हभोजन

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यातील भगिनी-सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या महिला-शाखेने मला आज जो विषय नेमून दिला आहे, तो ऐकून आपणांपैकी पुष्कळांना हसू आले असेल. मुलाबाळांच्या धबडग्यात दिवस घालविणाऱ्या घरच्या व्यक्तीने दुपारचे जेवण घरच्या घरी, थोड्या श्रमात कसे करावे, ह्या विषयावर एका शाळामास्तराने बोलावयाचे आहे. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला, आयुष्यभर खडू-फळ्याशी झगडलेला मनुष्य. पाकशास्त्राचा पंडित नव्हे. तथापि हा विषय मी आनंदाने स्वीकारला, कारण ह्या बाबतीत माझ्या हातून एक मोठी चूक घडली आहे. ती आपल्या माणसांपुढे कबूल करावी, आणि तीतून जे शिकलो ते सांगावे, एवढाच माझा हेतू आहे.

जिल्हा परिषदेच्या शाळेतून मी २०१७ साली सेवानिवृत्त झालो. पुढच्याच उन्हाळ्यात आमच्या सौभाग्यवतींना जिना चढताना धाप लागू लागली, चक्कर येऊ लागली. नांदेडला एका डॉक्टरांकडे नेले. रक्त तपासले, तेव्हा हिमोग्लोबिन अवघे ७ निघाले. डॉक्टरांनी साधा प्रश्न केला, "काकू, दुपारी काय जेवता?" त्या म्हणाल्या, "जे उरेल ते." मग डॉक्टर माझ्याकडे वळून म्हणाले, "गुरुजी, काय उरते?" मला उत्तर देता आले नाही. पस्तीस वर्षांच्या संसारात आपली पत्नी दुपारी काय खाते, केव्हा खाते, बसून खाते की उभ्याने, हे मला ठाऊक नव्हते!

ही लाज अधिक वाटण्याचे कारण असे. आपल्या देशात १५ ऑगस्ट १९९५ पासून शाळेतील मुलांच्या पोषणाची योजना सुरू झाली, आणि २००१ मधील सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर मुलांना शाळेतच शिजवलेले अन्न मिळू लागले. खिचडी मुलांना वाढण्यापूर्वी शिक्षकाने चाखून पाहावी असा नियम आहे. तो मी वर्षानुवर्षे पाळला. शेकडो मुलांचे दुपारचे अन्न मी रोज चाखले. पण माझ्या घरच्या अन्नपूर्णेच्या ताटात काय आहे, हे एकदाही डोकावून पाहिले नाही.

भगिनींनो, थोडा विचार करा. मुंबईत १८९० पासून डबेवाल्यांची परंपरा चालू आहे. कचेरीतल्या मनुष्याला घरचे अन्न वेळेवर मिळावे म्हणून केवढी ही व्यवस्था! शाळेतल्या मुलाची व्यवस्था सरकारने केली. शेतावर राबणाऱ्याची न्याहारी घरून जाते. परंतु डबा भरून देणारी जी बाई घरात मागे राहते, तिच्या दुपारच्या जेवणाची व्यवस्था कोणाकडे आहे? २०१९ ते २०२१ ह्या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या राज्यातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक, म्हणजे शंभरांत सुमारे ५४, रक्तक्षयाने पीडित आढळल्या. ह्या रोगाची कारणे अनेक आहेत, हे मी जाणतो. पण उरले-सुरले खाऊन दिवस ढकलण्याची सवय हे त्यांपैकी एक आहे, ह्यात मला संशय नाही.

माझ्या लहानपणी, १९७२ च्या दुष्काळात, मी जेमतेम तेरा वर्षांचा होतो. रोजगाराच्या कामावर सुकडी मिळे, आणि परदेशातून आलेल्या लाल मिलो ज्वारीची भाकरी आम्ही खात असू. आई आम्हां भावंडांना वाढून स्वतः तांब्याभर पाणी पिऊन उठे. त्या वेळी घरात अन्न नव्हते, म्हणून ती उपाशी राहिली. आज आपल्या घरी कणग्या नसल्या तरी डबे भरलेले आहेत, आणि तरीही घरची बाई दुपारी चहा आणि टोस्टवर भागविते. पूर्वीचा उपवास दैवाचा होता. आजचा उपवास केवळ सवयीचा आहे. सवय मोडणे आपल्या हाती आहे.

लातूरला आज एक नवेच दृश्य दिसते. मुलाला किंवा मुलीला वैद्यकीय प्रवेशाच्या परीक्षेची तयारी करता यावी म्हणून खेड्यापाड्यांतील किती तरी माता घरदार सोडून लातुरात एक खोली भाड्याने घेऊन राहतात. आमच्या नात्यातील एक भगिनी अशीच दोन वर्षे राहिली. पहाटे उठून मुलाचा डबा, रात्री पुन्हा गरम स्वयंपाक. दुपारी मात्र खोलीत एकटी. "एकटीसाठी कुठे चूल पेटवू?" असे ती म्हणे. भगिनींनो, "एकटीसाठी" हा शब्दच आपला वैरी आहे. जिच्या बळावर मुलाची परीक्षा उभी आहे, तिला एकटी कसे म्हणावे?

असो. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, आणि सौभाग्यवतींना विश्रांती सांगितली. घरात दोन लहान नातवंडे, मुलगा-सून नोकरीवर. तेव्हा दुपारची चूल माझ्या वाट्यास आली. मूल एका हाताशी आणि पळी दुसऱ्या हातात, ही कसरत किती कठीण आहे हे मला वयाच्या साठीत कळले. त्या अनुभवावरून काही सोपे पदार्थ सांगतो. ह्यांत नवे काहीच नाही. सारे आपल्या मराठवाड्याच्या मातीतले आहे. फक्त त्याची आखणी करावयाची आहे.

पहिली गोष्ट, आठवड्यातून एकदा, रविवारी म्हणा, एक तास पूर्वतयारीस द्यावा. ज्वारीला पाण्याचा हबका मारून थोडा वेळ ठेवावी, मग जाड भरडून घ्यावी व चाळावी. वर राहतील त्या कण्या, खाली पडेल ते पीठ आंबिलीला. हे ओलसर असते, म्हणून कण्या व पीठ उन्हात चांगले वाळवून मगच डब्यात भरावे. शेंगदाण्याची एक आणि जवसाची किंवा कारळाची एक, अशा दोन चटण्या कुटून ठेवाव्या. येसराचा डबा भरलेला असावा. लग्नघरापुरतेच येसर-मेतकूट करावे असा काही नियम नाही. एवढी शिदोरी फडताळात असली की दुपारचे निम्मे काम झाले.

आता पदार्थ. पहिला, ज्वारीच्या कण्या. एक वाटी कण्या तासभर भिजत घालाव्या. मग चार वाट्या पाणी व चवीपुरते मीठ घालून कुकरला चार शिट्ट्या द्याव्या. ताटात घेऊन वर ताक ओतावे, सोबत लसणाची चटणी. मूल रडत असले तरी कुकर आपले काम करतो. ढवळत उभे राहावे लागत नाही.

दुसरा, वरणफळे, ज्यांना कोणी चकोल्या म्हणतात. सकाळी तुरीचे वरण होतेच, आणि कणीकही मळलेली असते. दोन वाट्या साधे वरण व दोन पोळ्यांची कणीक मुद्दाम बाजूस ठेवावी. दुपारी लसूण-जिऱ्याची फोडणी करून वरण पातळ करावे, चिंच-गूळ घालावे. उकळी आली की लाटलेल्या पोळीचे शंकरपाळ्यासारखे तुकडे एकेक करून सोडावे. दहा-बारा मिनिटांत डाळ आणि गहू एकाच भांड्यात तयार. लातूरच्या तूरडाळीचा लौकिक साऱ्या देशात आहे. तो लातूरच्या गृहिणीच्या ताटातही दिसला पाहिजे.

तिसरा, धपाटे. ज्वारीचे पीठ, त्यात मूठभर बेसन व थोडी कणीक, चिरलेली मेथी किंवा कोथिंबीर, लसूण-मिरचीचे वाटण, तीळ, ओवा, हळद आणि मीठ. ओल्या फडक्यावर थापून तव्यावर भाजावे. सकाळी डब्यासाठी करतानाच दोन अधिक करावे. दुपारी दह्याबरोबर ते उत्तम लागतात.

चौथा, येसराची आमटी. फोडणीत पाणी घालून उकळी आणावी, येसर पाण्यात कालवून सोडावे, पाच-सात मिनिटे उकळू द्यावे. भाकरी कुस्करून खावी, वर कच्चा कांदा.

पाचवा, आंबील. येळवशीला शेतावर नेतो तीच. रात्री ज्वारीचे पीठ ताकात कालवून ठेवावे, दुपारी पाण्यात शिजवून मीठ, जिरे, लसूण घालावे. वैशाखाच्या उन्हात जेव्हा अन्नावर वासना राहत नाही, तेव्हा हिच्यासारखी दुसरी सोय नाही. सोबत मूठभर शेंगदाणे आणि थोडा गूळ घ्यावा.

सहावा, फोडणीची भाकरी. ही शिळ्याची आहे, म्हणून मी हिला शेवटी ठेवले. उरले म्हणून नाइलाजाने कोरडी भाकरी चावणे वेगळे, आणि त्याच भाकरीला कांदा, शेंगदाणे, कढीपत्ता घालून, लिंबू पिळून, वाटीभर ताकासह ताट मांडणे वेगळे. पहिल्यात स्वतःचा अनादर आहे. दुसऱ्यात काटकसर आहे.

रक्तवाढीच्या दृष्टीने तीन सूचना डॉक्टरांनी केल्या होत्या, त्या आवर्जून सांगतो. आंबट-तिखट आमटी, पालेभाजी लोखंडी कढईत करावी, पण शिजताच दुसऱ्या भांड्यात काढून घ्यावी. जेवणात लिंबू असावे, त्याने अन्नातील लोह अंगी लागते. आणि जेवणाबरोबर चहा घेऊ नये. निदान तासभर थांबावे, कारण चहा लोह अंगी लागू देत नाही. हिवाळ्यात ज्वारीला बाजरीची जोड द्यावी; बाजरीत लोह अधिक असते. मात्र अशक्तपणा असेल त्यांनी केवळ अन्नावर विसंबू नये, रक्त तपासून घ्यावे. आमच्या घरीही गोळ्यांचा वाटा मोठा होता. सहा महिन्यांनी हिमोग्लोबिन ११ च्या जवळ आले, ते औषध आणि वेळेवरचे जेवण अशा दोहोंच्या बळावर.

आता पदार्थांहून महत्त्वाची गोष्ट. पदार्थ सोपे असून भागत नाही. जेवणाचा शिरस्ता सोपा व्हावा लागतो. मी घरात तीन नियम केले. पहिला : डबे भरताना घर सांभाळणाऱ्याचाही डबा भरावयाचा, आणि तोही सर्वांच्या आधी, मग त्यातले कोणाला वाढावयाचे नाही. दुसरा : साडेबारा ते एक ही जेवणाची घंटा. शाळेची घंटा जशी मुख्याध्यापकासही लागू असते, तशी ही घंटा घरच्या प्रत्येक कामाला लागू. कपडे, भांडी, केर थांबतील. तिसरा : ताट मांडून, बसून जेवावयाचे, आणि घरात जो कोणी असेल त्याने सोबत बसावयाचे. आमच्या घरी नातवंडे आजीच्या ताटाशेजारी आपली ताटली घेऊन बसू लागली, आणि जी मुले आधी घासागणिक पळत असत ती आपोआप बसून जेवू लागली. उपदेशाने मूल शिकत नाही, पाहून शिकते, हे मी शाळेत शिकविले. घरी मात्र उशिरा शिकलो.

पुरुषमंडळींना, विशेषतः माझ्यासारख्या सेवानिवृत्तांना, एक विनंती. पेन्शन सुरू झाली म्हणजे आपण घरी बसतो. पण घरातील बाईची सेवानिवृत्ती कधी होते? कुकरला कण्या लावणे वर्तमानपत्र वाचण्याहून अवघड नाही.

नांदेडकरांना मी सांगावे असे नाही. सचखंड श्री हजूर साहिबच्या लंगरात धनिक असो वा मजूर, सारे एका पंगतीत बसतात आणि एकच अन्न ग्रहण करतात. रोज हजारो लोकांची अशी पंगत आपल्या गावात उठते. आपल्या घरच्या पंगतीतून मात्र एक पान नेहमी गळालेले असते, आणि ते पान वाढणारीचेच असते.

घरचे सोडा, ह्या आपल्या मेळाव्याचेच पाहा. दरवर्षी ज्या भगिनी पहाटेपासून स्वयंपाकघरात राबतात, त्यांची पंगत सर्वांत शेवटी, तीन-चार वाजता बसते. तोवर भाजी संपलेली असते. मीही आजवर पहिल्या पंगतीत निःशंक जेवत आलो. म्हणून अध्यक्षमहाराजांना माझी नम्र प्रार्थना आहे की, पुढील वर्षापासून मेळाव्याची पहिली पंगत स्वयंपाक करणाऱ्या भगिनींची बसवावी, आणि त्या पंगतीत आपण कार्यकारिणीच्या सभासदांनी वाढावे. वाढप्यांत माझे नाव आजच लिहून घ्यावे. जे समाजात डोळ्यांदेखत घडते, तेच पुढे घरोघर रुजते.

जेवणाची वेळ होत आली आहे. कोणाचे पान राहिले नाही ना, एवढे पाहून मगच बसू या.