टाचदुखी : चीरफाडीविना उपचार



सकाळी अंथरुणातून उठून पहिले पाऊल जमिनीवर टेकताच टाचेत खिळा रुतल्यासारखी कळ येते. चार पावले चालल्यावर ती ओसरते आणि दिवसभर उभे राहिल्यावर पुन्हा बळावते. फळ्यासमोर उभे राहणारे शिक्षक, बंदोबस्तावरील पोलीस, एस.टी.चे वाहक, शेतात राबणाऱ्या स्त्रिया यांना ही व्यथा परिचयाची आहे. दर १० माणसांपैकी सुमारे एकाला ती आयुष्यात केव्हा ना केव्हा गाठते. त्यातही ४० ते ६० या वयात तिचे प्रमाण अधिक. या दुखण्याने प्राण जात नाही, म्हणून त्याकडे दुर्लक्ष होते. परंतु ज्याची रोजी पायांच्या बळावर चालते, त्याच्या रोजीवरच ते घाला घालते.

दुखण्याचे मूळ

टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळपायाखाली एक जाड, चिवट पट्टा असतो. धनुष्याची दोरी धनुष्याला धरून ठेवते, त्याप्रमाणे हा पट्टा पायाची कमान सांभाळतो. दीर्घकाळ उभे राहणे, वाढलेले वजन, आखडलेली पोटरी, पातळ तळाची पायताणे यांमुळे टाचेच्या हाडाशी असलेले त्याचे टोक हळूहळू विरते. जुनाट टाचदुखीत सुजेपेक्षा ही झीजच प्रमुख असते. क्ष-किरण चित्रात ‘हाड वाढलेले’ दिसले की रुग्ण धास्तावतो. पण ज्यांची टाच कधीच दुखली नाही, अशा अनेकांच्या टाचेतही तसा काटा आढळतो. तेव्हा केवळ काटा दिसला म्हणून तो कापून घेण्याची घाई करू नये.

पहिली पायरी व्यायामाची

१० पैकी ८ ते ९ रुग्ण साधारणतः वर्षभरात शस्त्रक्रियेवाचून बरे होतात. त्यासाठी सकाळी पाऊल टेकण्यापूर्वीच दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर घ्यावा, बोटे हाताने नडगीकडे ओढून १० सेकंद धरावीत. असे १० वेळा, दिवसातून तीनदा करावे. भिंतीला हात टेकून पोटरी ताणावी. मऊ व जाड तळाची चप्पल घरातही वापरावी. वजन आटोक्यात ठेवावे. हा क्रम काही महिने नेटाने चालवावा लागतो. चार दिवसांत गुण आला नाही म्हणून तो सोडून देणे, हेच दुखणे रेंगाळण्याचे एक मोठे कारण होय.

सुई, लहरी आणि दुर्बीण

सहा महिने ते वर्षभर असे प्रयत्न करूनही वेदना कायम राहिल्यास अस्थिरोगतज्ज्ञ पुढील उपायांचा विचार करतात. स्टिरॉइडच्या इंजेक्शनाने आराम लवकर पडतो. परंतु तो बहुधा काही आठवडेच टिकतो. ते वारंवार घेतल्यास पट्टा तुटण्याचा व टाचेखालील चरबीची गादी झिजण्याचा धोका असतो. मधुमेह्यांची रक्तशर्कराही त्याने काही काळ वाढते.

दुसरा उपाय आघात लहरींचा. १९८० साली जर्मनीतील म्युनिक येथे मूतखडा फोडण्यासाठी या लहरींचा माणसावर प्रथम वापर झाला. २००० साली अमेरिकेत टाचदुखीसाठी अशा एका यंत्रास मान्यता मिळाली. यात त्वचेला छेद द्यावा लागत नाही. रुग्णाच्याच रक्तातील प्लेटलेटयुक्त द्रव टाचेत टोचण्याची पद्धतही आहे. तिचे परिणाम मात्र सर्वत्र सारखे आढळलेले नाहीत. सोनोग्राफीत पाहत, जागेपुरती भूल देऊन, सुईसारख्या उपकरणाने झिजलेला भाग काढून टाकता येतो. दुर्बिणीद्वारे पट्ट्याचा काही भाग सैल करण्याची शस्त्रक्रिया अगदी मोजक्या रुग्णांसाठी राखून ठेवली जाते. कारण पट्टा प्रमाणाबाहेर कापला गेल्यास पायाची कमान खचते.

दक्षता

रात्री विश्रांतीतही ठणका, ताप, टाचेवर सूज, तळव्याला बधिरता किंवा तरुण वयात पाठीचा सकाळचा ताठरपणा यांपैकी काही आढळल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडता डॉक्टरांना दाखवावे. मधुमेह्यांनी तळवा गरम विटेने शेकू नये. बधिर पायाला चटका कळत नाही.

मुख्याध्यापकांनी वर्गात शिक्षकांसाठी खुर्ची ठेवावी, कार्यालयप्रमुखांनी उभ्याच्या कामात मध्येच बसण्याची सवलत द्यावी, पंचायत सदस्यांनी हा साधा व्यायाम गावसभेत दाखवावा. यास खर्च जवळजवळ नाही. खर्चिक उपायांकडे वळण्यापूर्वी ही बिनखर्चाची वाट पुरी चालून पाहणे, हेच रुग्णाच्या हिताचे आहे.