पदवी आणि पोट

महाविद्यालयाचे काम विद्यार्थ्याला शिकविण्याचे. शिकून बाहेर पडल्यावर त्याला पोटापाण्याला लावण्याचे कामही त्याचेच आहे काय, हा प्रश्न वरवर पाहता व्यवहाराचा वाटतो. परंतु त्याच्या मुळाशी शिक्षणाच्या स्वरूपाचाच वाद आहे. एक पक्ष म्हणतो, सरस्वतीच्या मंदिराला नोकरभरतीची कचेरी करू नका. ज्ञानाची किंमत पगाराच्या आकड्यात मोजू लागलात की ज्ञानही जाईल आणि पगारही जाईल. दुसरा पक्ष विचारतो, ज्या बापाने जमिनीचा तुकडा गहाण टाकून मुलाची फी भरली, त्याला हे तत्त्वज्ञान कोणत्या तोंडाने सांगणार? दोन्ही पक्षांत तथ्य आहे. म्हणूनच हा वाद शंभर वर्षांहून अधिक काळ मिटलेला नाही. तो आपल्या देशात ज्या नगरीत सर्वांत आधी आणि सर्वांत तीव्रतेने लढला गेला, त्या कोलकात्याचा अनुभव या बाबतीत पुष्कळ काही शिकवून जातो.

पदवी आणि नोकरी यांची गाठ कोणी बांधली, हे प्रथम पाहिले पाहिजे. ती विद्यार्थ्यांनी बांधलेली नाही. १८४४ च्या ऑक्टोबरात गव्हर्नर जनरल हार्डिंग यांनी ठराव केला, की सरकारी नोकऱ्यांत इंग्रजी पद्धतीचे शिक्षण घेतलेल्यांना अग्रक्रम द्यावा. त्यानंतर सुमारे बारा वर्षांनी, १८५७ च्या जानेवारीत कलकत्ता विद्यापीठ स्थापन झाले. १८५८ मध्ये त्याचे पहिले दोन बी. ए. बाहेर पडले. त्यांपैकी एक बंकिमचंद्र चट्टोपाध्याय. पुढे बंगालीचे थोर कादंबरीकार म्हणून कीर्ती पावलेला हा पुरुष त्याच वर्षी डेप्युटी मॅजिस्ट्रेट झाला. आपल्याकडे मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. त्यांनाही सरकारने न्यायखात्यात आणि शिक्षणखात्यात सामावून घेतले. म्हणजे विद्यापीठाच्या जन्मापूर्वीच त्याच्या पदवीला नोकरीचे वचन चिकटलेले होते. पहिल्या पिढ्यांच्या बाबतीत ते पाळलेही गेले. पदवीधर मोजके होते आणि खुर्च्या पुष्कळ होत्या.

पुढे पदवीधर वाढत गेले, खुर्च्या मात्र त्या प्रमाणात वाढल्या नाहीत. १९१७ मध्ये मायकेल सॅडलर यांच्या अध्यक्षतेखाली कलकत्ता विद्यापीठाच्या चौकशीसाठी आयोग नेमला गेला. त्याचा अहवाल १९१९ मध्ये सादर झाला. त्यात एक तुलना आहे. बंगालची लोकसंख्या आणि ब्रिटनची लोकसंख्या तेव्हा जवळजवळ सारखी, सुमारे साडेचार कोटी, आणि दोन्हीकडे पदवीसाठी शिकणारे विद्यार्थीही सारखेच, सुमारे २६,०००. परंतु बंगालमध्ये दहा माणसांत जेमतेम एकाला लिहितावाचता येत होते. शिवाय ब्रिटनमधील पुष्कळसे विद्यार्थी वैद्यक, स्थापत्य, उद्योग अशा धंद्यांच्या शिक्षणात होते. बंगालमधील २६,००० पैकी २२,००० हून अधिक केवळ साहित्यविषयक अभ्यासक्रमांत होते. त्यांच्यापुढे कारकुनी, मास्तरकी, वकिली आणि राज्यकारभारातील नोकरी एवढ्याच वाटा होत्या. निदान इतके अचूक होऊनही पुढची कित्येक दशके तोच रोग वाढत राहिला.

कलकत्त्याचे विद्यापीठ कॉलेज स्ट्रीटवर आहे. मोठमोठ्या व्यापारी पेढ्या आणि सरकारी कचेऱ्या डलहौसी स्क्वेअरच्या आसपास होत्या. पायी गेले तर हे अंतर फार तर अर्ध्या तासाचे. परंतु पदवीधराला ते तोडायला कधी कधी वर्षे लागत. कारण त्या रस्त्यावरचा खरा परवाना पदवी हा नव्हता, ओळख हा होता. कोणाचा मामा हेडक्लार्क असे, कोणाच्या चुलत्याचे साहेबाशी बरे असे, कोणी गाववाला बडा बाबू झालेला असे. जागा रिकामी झाल्याची बातमी वर्तमानपत्रात येण्याआधी घरात येई. ज्याच्या घरात ती येत नसे, त्याने अर्ज लिहावे आणि उत्तराची वाट पाहावी. आपल्याकडे याला वशिला म्हणतात. ही रीत एका कलकत्त्याची नव्हे. परंतु घरातल्या पहिल्या पदवीधराचे दुःख कशात आहे, ते या रीतीवरून नेमके कळते. गुणांत तो उणा नसतो. रिकाम्या जागेची वार्ता त्याच्यापर्यंत पोहोचत नाही, आणि त्याच्याविषयी चांगले शब्द सांगणारे कोणी नसते.

या परिस्थितीला सर्वांत कडक शब्दांत आव्हान दिले ते आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी. प्रेसिडेन्सी कॉलेजात १८८९ पासून रसायनशास्त्र शिकविणारे हे प्राध्यापक बंगाली तरुणाच्या पदवीच्या आणि कारकुनीच्या हव्यासावर आयुष्यभर कोरडे ओढीत राहिले. १९३२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आत्मचरित्रातही हा विषय पुनःपुन्हा येतो. परंतु ते केवळ उपदेश करून थांबले नाहीत, हे त्यांचे मोठेपण. १८९२ मध्ये अप्पर सर्क्युलर रोडवरील आपल्या राहत्या घरात त्यांनी अगदी तुटपुंज्या भांडवलावर बेंगॉल केमिकलचा उद्योग सुरू केला. औषधी क्षार तयार करण्यासाठी खाटकांकडून गुरांची हाडे आणून गच्चीवर वाळत टाकावी लागत, आणि शेजारी तक्रारी करीत. प्रेसिडेन्सीचा प्राध्यापक हाडे वाळत घालतो, हे दृश्य त्या काळच्या भद्र समाजाला कसे वाटले असेल, याची कल्पना करावी. १९०१ मध्ये त्या उद्योगाची मर्यादित कंपनी झाली. १९०३ मध्ये तेथे राजशेखर बसू नावाचा रसायनशास्त्राचा पदवीधर तरुण आला. वकिलीची परीक्षाही उत्तीर्ण झालेला हा तरुण कारखान्यात रमला, तेथील कारभारी झाला, आणि ‘परशुराम’ या नावाने त्याने बंगालीत उत्कृष्ट विनोदी कथाही लिहिल्या. प्रफुल्लचंद्रांचे उत्तर असे, की गुरूने शिष्याला नोकरी मागायला शिकवू नये. काम निर्माण करायला शिकवावे, आणि जमल्यास स्वतः करून दाखवावे.

हे उत्तर उदात्त आहे, परंतु पुरेसे नाही. प्रत्येक महाविद्यालयात प्रफुल्लचंद्र नसतो, आणि प्रत्येक पदवीधर कारखानदार होऊ शकत नाही. उद्योगाला भांडवल लागते, तोटा सोसण्याची ताकद लागते. पहिल्याच महिन्यापासून घरी पैसे पाठवावे लागणाऱ्या मुलाला ‘नोकरी शोधू नकोस, धंदा कर’ असे सांगणे म्हणजे उपाशी माणसाला आंब्याची कोय लावायला सांगण्यासारखे आहे. झाड होईल हे खरे, पण आजच्या जेवणाचे काय?

विद्यापीठानेही ही उणीव ओळखली. परदेशात तोवर पायंडा पडलेला होता. ऑक्सफर्डने १८९२ मध्ये आणि केंब्रिजने १९०२ मध्ये आपल्या पदवीधरांच्या नेमणुकांसाठी स्वतंत्र मंडळे नेमली होती. ज्ञानाच्या पावित्र्याचा सर्वाधिक अभिमान बाळगणाऱ्या या दोन विद्यापीठांना त्यात कमीपणा वाटला नाही, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. कलकत्ता विद्यापीठात १९३४ ते १९३८ या काळात श्यामाप्रसाद मुखर्जी कुलगुरू होते. त्या दशकात तेथे नेमणुका व माहिती यांसाठी एक मंडळ उभे राहिले. विद्यापीठ आणि व्यापारी जग यांच्यात दुवा जोडावा, हा त्याचा हेतू. पुढे १९५३ मध्ये विद्यापीठ आणि पश्चिम बंगाल सरकार यांच्या सहकार्याने समाजकल्याण व व्यवसाय-व्यवस्थापन यांचे शिक्षण देणारी संस्था त्याच कॉलेज स्ट्रीटच्या परिसरात निघाली. त्या वेळी आपल्या देशात व्यवस्थापनाचे शिक्षण ही नवी गोष्ट होती.

स्वातंत्र्यानंतर सरकारने सेवायोजन कार्यालयांचे जाळे विणले. १९५९ मध्ये रिकाम्या जागा या कार्यालयांना कळविणे सक्तीचे करणारा कायदा झाला. जागा कळविणे सक्तीचे झाले. परंतु तेथूनच माणूस घेणे सक्तीचे नव्हते. नोंदणीच्या कार्डाने रांगेतला क्रमांक मिळाला, काम मिळेलच असे नाही. त्यातच १९६५ नंतर मंदी आली. रेल्वेच्या मागण्या घटल्या, हावड्याच्या आसपासचे यंत्रांचे कारखाने थंडावले, आणि अभियांत्रिकीचे पदवीधरही घरी बसू लागले. त्या वर्षांचा संताप सत्यजित राय यांच्या चित्रपटांत उतरला आहे. १९७० चा ‘प्रतिद्वंद्वी’ आणि १९७६ चा ‘जन अरण्य’ या दोन्हींचा नायक नोकरी शोधणारा तरुण आहे. ‘जन अरण्य’मधील सोमनाथची कथा तर या प्रश्नाचे मर्मच सांगते. त्याचे अक्षर बारीक. परीक्षकाला चष्म्यावाचून ते वाचता येत नाही. हवे तसे गुण पडत नाहीत आणि ऑनर्सची पदवी हुकते. पुढे अर्जांमागून अर्ज, मुलाखतींत चंद्राचे वजन किती यासारखे प्रश्न, आणि शेवटी दलालीचा धंदा. त्या वाटेवर तो काय काय गमावतो, हे पाहणाऱ्याला विसरता येत नाही. लक्षात घ्यावे असे एवढेच, की परीक्षा संपल्यावर त्याच्या महाविद्यालयाचा या कथेत कोठे पत्ताच नाही. त्याला कामाची वाट दाखवणारा भेटतो तो रस्त्यावर, योगायोगाने.

आज परिस्थिती पालटली आहे, असे म्हणतात. ‘प्लेसमेंट’ हा शब्द घरोघर झाला आहे. कोलकात्यातच १९६१ मध्ये सुरू झालेल्या भारतीय व्यवस्थापन संस्थेत कंपन्या स्वतः चालत येतात. २०१६ पासून केंद्र सरकारतर्फे संस्थांची जी क्रमवारी लावली जाते, तीतही पदवीधरांना मिळणाऱ्या पगाराचा विचार होतो. तेव्हा महाविद्यालयांनी हे कर्तव्य मान्य केले, असे समजावे काय? तसे समजण्यात घाई होईल. जेथे प्रवेशालाच हजारांतून एक निवडला जातो, तेथे कंपनी येते ती त्या निवडीसाठी. महाविद्यालयाची मदत तेथे फारशी लागत नाही. पुष्कळ ठिकाणी तर कमी गुणांच्या मुलांना मुलाखतीच्या खोलीत पाऊलही टाकता येत नाही, कारण त्यांच्यामुळे आकडा खाली येतो. मग जाहिरातीत सर्वांत मोठा पगार मोठ्या अक्षरात छापला जातो, आणि उरलेल्यांचे काय झाले हे कोणी छापत नाही. ही मदत विद्यार्थ्याला नव्हे, संस्थेच्या नावलौकिकाला होते. ज्याला आधीच दहा दारे उघडी आहेत त्याला अकरावे दार दाखविणे, याला कर्तव्य म्हणता येणार नाही.

मग महाविद्यालयाचे देणे नेमके कोणते? आपल्या परंपरेत शिष्यावर गुरूचे ऋण असते, असे मानतात. परंतु ज्याने फी घेतली आणि तीन-चार वर्षांचे तारुण्य घेतले, त्याच्यावरही शिष्याचे काही ऋण आहेच. त्यातले पहिले ऋण सत्याचे. प्रवेश घेण्यापूर्वीच विद्यार्थ्याला सांगितले पाहिजे, की या विषयातले मागील वर्षांचे विद्यार्थी आज कोठे आहेत. सगळे, केवळ पहिले दहा नव्हेत. सॅडलर आयोगाने एका प्रांताचा हिशेब मांडला होता. एका महाविद्यालयाने आपल्या दोनशे मुलांचा हिशेब मांडणे अशक्य नाही. दुसरे ऋण ओळखीचे. जागा कोठे निघतात, अर्ज कसा करावा, मुलाखतीत काय विचारतात, ही वार्ता ज्याच्या घरात येत नाही त्याच्यापर्यंत ती पोहोचविणे, आणि ज्या अध्यापकाने त्याला पाहिले आहे त्याने त्याच्याविषयी दोन खरे शब्द लिहिणे. ज्याला मामा नाही त्याचा मामा व्हावे, इतका साधा त्याचा अर्थ. तिसरे ऋण हाताला कामाची सवय लावण्याचे. महाराष्ट्रात कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेत ‘कमवा आणि शिका’ हा मंत्र दिला, तो याच दृष्टीने. त्या मुलांना पदवीबरोबर, काम करण्यात लाज नाही, ही जाण मिळाली. प्रफुल्लचंद्रांनी गच्चीवर हाडे वाळत घालून जे सांगितले, तेच भाऊरावांनी मुलांच्या हाती कुदळ देऊन सांगितले.

याहून अधिक मागणे मात्र अन्यायाचे ठरेल. नोकरीची हमी महाविद्यालय देऊ शकत नाही. कारण नोकऱ्या वर्गात तयार होत नाहीत. कारखाना बंद पडला, मागणी घटली, तर त्याला प्राचार्य जबाबदार नाहीत. आणि नोकरी मिळेल तेवढेच शिकवू, असे ठरविणारे महाविद्यालय विद्यार्थ्याची फसवणूकच करील. आजची मागणी दहा वर्षांनी राहत नाही, पण नीट विचार करण्याची सवय राहते. चांगले शिकविणे हेच पहिले देणे. ते चुकवून इतर देणी फेडता येत नाहीत.

परंतु चांगले शिकवून झाले की दार लावून घ्यावे, हेही बरे नव्हे. पदवीदान समारंभात टाळ्यांचा गजर होतो तो पहिल्या आलेल्याच्या नावाला. महाविद्यालयाची खरी परीक्षा त्या नावाने होत नाही. यादीच्या तळाशी ज्याचे नाव आहे, ज्याच्या घरात त्याच्यापूर्वी कोणी पदवी पाहिली नाही, तो समारंभ संपल्यावर कोठे जातो, हे ज्या महाविद्यालयाला ठाऊक असेल, आणि सहा महिन्यांनी जे त्याला एक पत्र पाठवून विचारील, त्याने आपले ऋण फेडले असे म्हणावे.