मधली पेटी
(संघाच्या मासिक बैठकीत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेली मांडणी)



आजचा विषय कर्जाचा नाही, वायरींचा आहे. लगेच नाक मुरडू नका. संघाच्या कार्यालयात आता तीन संगणक आणि एक प्रिंटर होणार आहे. ते एकमेकांना कसे जोडायचे याचा ठराव पुढच्या बैठकीत तुमच्याच सह्यांनी होईल. दोन कोटेशनं आली आहेत. एकाच्या चित्रात सगळ्या वायरी मधल्या एका पेटीत येतात. दुसरा म्हणतो, एवढी वायर कशाला? पहिल्या संगणकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात ओढतो, स्वस्तात पडेल. आता स्वस्त म्हटलं की आपले हात पटकन वर जातात, म्हणून आधी फरक समजून घेऊ.

मधल्या पेटीच्या पद्धतीला स्टार टोपॉलॉजी म्हणतात. टोपॉलॉजी म्हणजे कोण कोणाला कसं जोडलंय त्याचा नकाशा. नाव अवघड आहे, पण गोष्ट तुमच्या घरातली आहे. लेकाच्या मोबाईलवर हॉटस्पॉट चालू असतो, त्यावर तुमचा फोन, सुनेचा फोन, नातवाचा फोन. तुमची बॅटरी संपली तर तुमचाच व्हिडिओ बंद पडतो, सुनेचं काही अडत नाही. पण लेक मोबाईल खिशात घालून शेतावर गेला की तिघांचंही नेट गेलं! स्टारचं चांगलं आणि वाईट, दोन्ही यात आलं.

साखळीत तसं नाही. मधला संगणक बंद केला, बिघडला, की त्याच्या पलीकडचा तुटला. हप्त्याच्या दिवशी लेखापाल ताईंनी संगणक बंद करून घरी जायचं नाही, कारण पलीकडच्या टेबलावर गटाचं मागणीपत्रक छापायचंय, हे चालेल का आपल्याला?

जगालाही हे अनुभवातूनच कळलं. संगणक जोडायची इथरनेट नावाची पद्धत १९७३ मध्ये अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात सुरू झाली. तेव्हा एकच जाड वायर सगळीकडे फिरवायचे आणि सगळे संगणक तिलाच जोडायचे. ती एका जागी तुटली की सगळेच अडकायचे, आणि कुठे तुटली ते शोधत बसावं लागे. पुढे १९९० मध्ये पिळाच्या बारीक वायरींवर, मधे पेटी ठेवून चालणाऱ्या पद्धतीचं प्रमाण ठरलं. आज कुठल्याही बँकेत गेलात तर बहुतेक तीच दिसेल. पेटीला आधी हब म्हणायचे. इंग्रजीत हब म्हणजे बैलगाडीच्या चाकाचा तुंबा, सगळे आरे ज्यात बसतात तो. हब आलेला निरोप सगळ्यांना ऐकवायचा, देवळाच्या भोंग्यासारखा. आताच्या पेटीला स्विच म्हणतात. कुठल्या वायरीवर कोणता संगणक आहे हे ती लक्षात ठेवते आणि ज्याचा निरोप त्यालाच देते. म्हणून पासवर्ड नको असं मात्र नाही हं. तो हवाच.

आता कामाचं. बिघाड झाला की दुरुस्तीवाला येईपर्यंत आपण हातावर हात ठेवून बसतो. तो आला की काय बदललं, किती घेतलं, कळत नाही. स्टारमध्ये निम्मा बिघाड नुसता बघून कळतो. स्विचवर प्रत्येक वायरीपाशी बारीक दिवा असतो. एकच संगणक अडला असेल तर त्याच्या वायरीचा दिवा बघा. दिवा नसेल तर प्लग काढून परत बसवा, ‘कट्’ असा आवाज आला पाहिजे. प्लगची प्लॅस्टिकची जीभ तुटली असेल तर तो सैल होऊन सुटतो. तरी दिवा नाही? तीच वायर शेजारच्या रिकाम्या जागी लावून बघा, मग दुसरी वायर लावून बघा. एवढं करून मग फोन करा. आणि सगळेच एकदम अडले तर संगणकांना हात लावू नका, आधी स्विचची लाईट बघा. सगळीकडून प्रिंट निघतेय पण नेट तेवढं नाही, तर आपली जोडणी ठीक आहे, नेटवाल्या कंपनीला विचारा. अशा वेळी कोणी ‘तिन्ही संगणक घेऊन जातो’ म्हणाला तर देऊ नका.

स्टारची खोड एकच, सगळा भार मधल्या पेटीवर. (आपल्या काही ग्रामसंघांतही असंच आहे, सचिव ताईंचा फोन बंद असला की चार गटांना बैठकच कळत नाही. तो विषय वेगळा, पण बोलायला हवा.) म्हणून तीन गोष्टी ठरावात लिहून घ्या असं माझं मत आहे. स्विच इन्व्हर्टरवर हवा. लाईट गेल्यावर संगणक चालू आणि स्विच बंद, तर उपयोग काय? प्रिंटर थेट स्विचला जोडायचा, एखाद्या संगणकाच्या मागे नाही. आणि स्विच आठ वायरींचा घ्यायचा. तीन संगणक, प्रिंटर, नेटचा राऊटर, पाच जागा इथेच भरतात. पाचवाला घेतला तर डाळ मिलच्या शेडसाठी जागाच उरत नाही.

त्या शेडचंही बघायला हवं. ही तांब्याची वायर एका दमात १०० मीटरपर्यंतच चालते. त्यापुढे मधे आणखी एक स्विच लागतो. आणि १०० मीटर म्हणजे पावलांनी सरळ मोजलेले नाहीत. भिंतीवरून वर, छपराखालून, खांबाला वळसा घालून वायर जशी जाईल तसे मोजायचे.

गुरुवारी सकाळी अकरा वाजता दोरी घेऊन आपण ते मोजणार आहोत. दोन्ही दुकानदारांना बोलावलंय. प्रत्येक ग्रामसंघातून दोघी या. आठवी-दहावी झालेलीच हवी असं काही नाही, दिवा लागला की नाही हे बघता आलं म्हणजे झालं. ज्या येतील त्यांच्याकडून प्लग काढून-बसवून घेणार आहे, आणि स्विचवरच्या प्रत्येक वायरीला कोणाची ती चिठ्ठी त्यांच्याच हाताने लावायची आहे.