चरख्यावरची अक्षरे, जात्यावरची ओवी

(वरणगाव येथे झालेल्या व्याख्यानाचा सारांश)



बाल्टिक समुद्राच्या काठी लिथुआनिया हा लहानसा देश आहे. तेथे अग्नीला ‘उग्निस’, पुत्राला ‘सूनुस’ आणि देवाला ‘दिएवास’ म्हणतात. संस्कृतातील अग्नी, सूनु आणि देव हे शब्द कोणालाही सहज आठवावेत! जिवंत भारोपीय भाषांमध्ये अतिप्राचीन रूपे जपणारी भाषा म्हणून भाषाशास्त्रज्ञ तिचा गौरव करतात.

परंतु हा ठेवा आपोआप टिकलेला नाही. १८६३ च्या उठावानंतर झारशाहीने रोमन लिपीतील लिथुआनियन छपाईवर बंदी घातली. ती १९०४ पर्यंत राहिली. या काळात शेजारच्या प्रशियात पुस्तके छापली जात आणि साधे शेतकरी तुरुंगवास व सायबेरियातील हद्दपारी पत्करून ती सीमेपार आणीत. घरी माता सूत कातता कातता मुलांना अक्षरे शिकवीत. पेत्रास रिमशा या शिल्पकाराने हेच दृश्य आपल्या शिल्पात अमर केले. १९१८ मध्ये स्वतंत्र झालेल्या राष्ट्राची पायाभरणी अशा घरांतून झाली होती.

खानदेशाला हे चित्र परके नाही. याच जिल्ह्यातील असोदे येथे १८८० मध्ये जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांना अक्षरओळख नव्हती. घरकाम व शेतकाम करताना त्यांना लेवा गणबोलीत गाणी स्फुरत. घरच्यांनी ती उतरवून ठेवली. पुत्र सोपानदेव यांनी ती आचार्य अत्रे यांना दाखविली आणि बहिणाबाईंच्या निधनानंतर, १९५२ मध्ये, ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. कोणी टिपलीच नसती, तर महाराष्ट्र या महान कवयित्रीला कायमचा मुकला असता. २०१८ पासून आपले विद्यापीठ त्यांचे नाव अभिमानाने मिरवीत आहे.

आपल्या बोलीवर कोणत्याही झाराची बंदी नाही. तरीही २००१ च्या जनगणनेत खानदेशी ही मातृभाषा नोंदविणारे सुमारे २० लाख ७५ हजार होते, ते २०११ मध्ये सुमारे १८ लाख ६० हजारांवर आले. शिकलेल्या घरांत अहिराणी वा लेवा बोली बोलण्याचा संकोच वाटतो, नातवंडांना आजीचे शब्द कळत नाहीत. ही बंदी आपणच आपल्यावर घातली आहे.

बोलीचा अभिमान मराठीच्या वा राष्ट्राच्या आड येत नाही. गिरणा आणि वाघूर मिळतात, म्हणूनच तापी भरून वाहते. तेव्हा प्रत्येक कुटुंबाने आजी-आजोबांच्या ओव्या, म्हणी आणि शेतीचे शब्द वहीत उतरवून घ्यावेत व घरात बोली निःसंकोच बोलावी. आज हेच राष्ट्रकार्य आहे.