आम्ही लक्षद्वीपला का गेलो नाही
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात १९८६च्या दहावीच्या तुकडीतर्फे केलेले भाषण)



सूत्रसंचालकांनी माझी ओळख 'आपले दर्यावर्दी मित्र' अशी करून दिली. त्यावर मागच्या रांगेतून जो हशा आला, तो मी ऐकला. तो रास्तच आहे. गेल्या दिवाळीत आपल्या तुकडीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर मी मोठ्या थाटात जाहीर केलं होतं की, आम्ही दोघं आमच्या शिडाच्या बोटीतून फेब्रुवारीत लक्षद्वीपला निघणार. तुम्ही हार, नारळ, अंगठे असं सगळं पाठवलंत. एकाने तर परतताना ट्यूना मासा आणायची ऑर्डरही दिली. फेब्रुवारी गेला, मार्चही गेला आणि मी गटावर गप्प. आम्ही गेलो नाही. का गेलो नाही, ते आज सांगायचं आहे. गटावर लिहायला लाज वाटत होती, इथे समोरासमोर सोपं जाईल.

आधी बोटीविषयी. जुनी, फायबरची, एकतीस फुटी. एक डोलकाठी, दोन शिडं, खाली लहानसं डिझेल इंजिन, आत दोघांना झोपण्यापुरती जागा. तिचं नाव 'बावखल'. हसू नका. मी पोहायला शिकलो ते घरामागच्या बावखलात. आता किती बावखलं बुजली ते आपण सगळे जाणतोच, निदान एक तरी तरंगत राहावं असं वाटलं.

हे वेड आलं आजोबांकडून. ते शिडाच्या मचव्यावर तांडेल होते. वसईच्या खाडीतून रेती, विटा भरून मुंबईला न्यायच्या, हा त्यांचा धंदा. इंजिन नव्हतं, घड्याळ नव्हतं, हवामानखात्याचा अंदाज नव्हता. त्यांच्याजवळ होती तिथी. ते सांगायचे, "तिथीची पाऊणपट कर, भरतीची वेळ मिळेल." म्हणजे अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, तेव्हा सहाच्या सुमाराला भरती. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपास पाणी भरलेलं आणि सकाळ-संध्याकाळ सहाच्या आसपास ओसरलेलं. शिवाय त्या दिवसांत उधाण, पाणी चढतं जास्त आणि उतरतंही जास्त. हे गणित मला सातवीत तोंडपाठ होतं. ते लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

किनाऱ्या-किनाऱ्याने बोट चालवणं आणि किनारा सोडून खोल समुद्रात जाणं, यात फार फरक आहे. किनाऱ्यावर काही बिघडलं तर संध्याकाळपर्यंत एखादी खाडी गाठता येते. लक्षद्वीपची बेटं केरळच्या किनाऱ्यापासून २२० ते ४४० किलोमीटर आत आहेत. तिथे जायला परवाना लागतो, तो कागद मिळवता येतो. पण मधल्या पाण्यात मेकॅनिक नाही, किराणा दुकान नाही, आणि 'जरा थांबा, विचार करतो' म्हणायची सोय नाही. म्हणून ठरवलं की आधी नाताळच्या सुट्टीत घरी न राहता बोटीवरच राहायचं. हिच्या शाळेला सुट्टी होती, मी बँकेतून रजा काढली. २३ डिसेंबर ते २ जानेवारी, अकरा दिवस. मुंबई बंदरातून निघून मांडवा, अलिबाग, रेवदंडा, मुरूड असं खाली जायचं आणि परत यायचं. नळ बंद, दुकान बंद, आपण जणू लक्षद्वीपच्या वाटेवर आहोत असं समजून जगायचं.

पहिल्या चार दिवसांत घराचं सगळं बिंग फुटलं. आमची पाण्याची टाकी दीडशे लिटरची. चौथ्या दिवशी काठी बुडवून पाहिली तर नव्वद लिटर संपलेलं. घरात आपण नळ किती वेळ सोडतो हे तिथे कळतं. मग भांडी समुद्राच्या पाण्याने घासायची आणि शेवटी वाटीभर गोडं पाणी फिरवायचं. आंघोळही तशीच. तांदूळ शिजवताना तिसरा हिस्सा खारं पाणी घातलं की मीठ वेगळं लागत नाही, हा हिचा शोध. प्रेशर कुकरचं महत्त्व मला पन्नाशीनंतर कळलं. बोट कलली तरी झाकण उडत नाही, भात अंगावर सांडत नाही. भाजणी, मेतकूट, सुकट आणि घरची सुकेळी, एवढ्यावर आमचं चांगलं चाललं. नाताळच्या दिवशी तुमच्यापैकी ज्यांनी निघताना फराळाचे डबे दिले होते, त्यांचे आभार. करंज्या लाटेत फुटल्या, पण संपल्या.

झोपेचं मात्र जमेना. दोघंच असल्यावर रात्री एकाने जागायचं, एकाने झोपायचं, तीन-तीन तासांनी पाळी बदलायची. बोट नांगरलेली असली तरी आम्ही ही सवय करायची ठरवली होती. पहिल्या दोन रात्री पाळली. तिसऱ्या रात्री मी म्हणालो, "खाडीत तर आहोत, झोपूया." हीच ती ढिलाई.

आता ती रात्र. ३० डिसेंबर, सोमवार. राजपुरीच्या खाडीत शिरलो तेव्हा संध्याकाळचे सहा वाजत आले होते. समोर जंजिरा, मागे सूर्य बुडतोय, देखावा असा की फोटो काढावेत. मी फोटो काढले. मग नांगर टाकला. खोली मोजली, तीन मीटर. नांगर धरून राहायचा तर साखळी तळाशी आडवी पडावी लागते. त्यासाठी पाण्याची खोली अधिक बोटीच्या नाळेची उंची, याच्या पाचपट साखळी सोडायची असा हिशेब असतो. तीन अधिक एक चार, चार पंचे वीस. वीस मीटर साखळी सोडली, हात झटकले, चहा प्यायलो.

हिशेब बरोबर होता, पण तो सहा वाजताचा होता. त्या दिवशी होती मार्गशीर्ष अमावास्या. म्हणजे मी अगदी ओहोटीच्या तळाला नांगर टाकला होता, तोही उधाणाच्या दिवशी. मध्यरात्रीपर्यंत पाणी आणखी तीनेक मीटर चढणार होतं. सहा अधिक एक सात, सात पंचे पस्तीस. पस्तीस मीटर साखळी हवी होती, आणि पाण्यात होती वीस. उरलेली वीस मीटर नाळेच्या कप्प्यात कोरडी पडून होती.

दुसरी चूक सांगायला मला या सभागृहात सगळ्यात जास्त संकोच वाटतो, कारण भूगोलाच्या बाई पहिल्या रांगेत बसल्या आहेत. बाई, आठवीच्या सहामाहीत 'खारे वारे आणि मतलई वारे' यांची आकृती काढताना मी बाण उलटे काढले होते. तुम्ही अर्धा गुण कापला होता आणि मी तुमच्याशी वाद घातला होता. दिवसा वारा समुद्राकडून जमिनीकडे, रात्री जमिनीकडून समुद्राकडे. संध्याकाळी मी नांगर टाकला तेव्हा वारा समुद्राकडून येत होता, आमच्या मागे राजपुरीचा किनारा होता, आणि मी तेवढंच बघितलं. रात्री वारा फिरणार, मतलई सुटणार आणि बोट उलट्या दिशेला, खडकाकडे आणि किल्ल्याकडे ओढणार, हे डोक्यात आलंच नाही. चाळीस वर्षांनी पुन्हा बाण उलटे.

रात्री दीडच्या सुमाराला हिने मला हलवलं. ही काही दर्यावर्दी नाही, तिला पोहताही येत नाही. मी तिला पहिल्या दिवशी एक गोष्ट शिकवली होती. किनाऱ्यावरचे दोन दिवे एका रेषेत धरायचे, रेष मोडली तर बोट हलली समजायचं. मी स्वतः ते केलं नव्हतं. ती झोपण्याआधी रोज करायची. ती शांतपणे म्हणाली, "अहो, तो पिवळा दिवा मघाशी पांढऱ्याच्या बरोबर मागे होता. आता दोघांत हातभर फट आहे."

वर येऊन बघतो तर अंधार असा की स्वतःचा हात दिसत नाही. ओहोटी लागलेली, मतलई सुटलेली, दोन्ही एकाच दिशेने, आणि आमचा नांगर चिखलातून खुरडत चाललेला. इंजिन चालू केलं, पुढे घेतलं, आणि दोन मिनिटांत धाप लागल्यासारखं होऊन बंद पडलं. पंख्यात दोर अडकला होता. कुणाच्यातरी जाळ्याचा असणार, अंधारात आम्ही त्याच्यावर गेलो. समोर किल्ल्याचा तट काळ्या डागासारखा मोठा होत होता.

खरं सांगतो, त्या क्षणी मी गोठलो. इंजिन बंद म्हणजे सगळं बंद, असं माझ्या डोक्याने ठरवून टाकलं. ही म्हणाली, "दुसरा नांगर कुठेय?" दुसरा नांगर मागच्या पेटीत होता, त्याच्यावर दोरखंडांची भेंडोळी, बादल्या आणि फराळाचे रिकामे डबे. ती एकेक वस्तू मागे फेकत गेली, मी नांगर ओढून काढला, दोर खुंट्याला बांधला की नाही हे दोनदा चाचपून पाहिलं आणि टाकला. मग कप्प्यातली उरलेली साखळीही सोडून दिली. बोट सरकली, सरकली, आणि एक झटका बसून थांबली. आम्ही बॅटरीच्या उजेडात त्या दोन दिव्यांकडे बघत बसलो. पहाटेपर्यंत कोणी बोललं नाही. तटबंदीपासून किती अंतर राहिलं होतं ते उजाडल्यावर दिसलं. आपल्या शाळेचं मैदान आहे ना, साधारण तेवढं.

सकाळी मासेमारीची एक होडी बाजूला आली. तिच्यावरचा तांडेल माझ्याच वयाचा. न सांगता सुरी दातात धरून त्याने बुडी मारली, दोर कापून काढला. पैसे पुढे केले ते घेतले नाहीत. चहा घेतला. तुटलेल्या दोराची भरपाई मात्र मी हट्टाने दिली, कारण तो त्याच्या शेजाऱ्याचा होता. निघताना त्याने एवढंच विचारलं, "काल आवस होती. ठाऊक नव्हतं काय?"

मित्रहो, मला रागावलं कुणी नाही, पण त्या प्रश्नाने जेवढं लागलं तेवढं छडीनेही कधी लागलं नव्हतं. आजोबांचा नातू, सातवीत पाऊणपट पाठ असलेला, आणि मोबाइलमध्ये भरती-ओहोटीचं अ‍ॅप असलेला! ते अ‍ॅप मी त्या संध्याकाळी उघडलं नव्हतं.

परत आल्यावर मी वाचायला बसलो. आपण वीरांच्या फेऱ्या लक्षात ठेवतो, तयारी विसरतो. कमांडर दिलीप दोंदे शिडाच्या बोटीने एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय. १९ ऑगस्ट २००९ला ते मुंबईहून निघाले आणि मे २०१०मध्ये परतले, म्हणजे नऊ महिने. पण व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी यांच्या कल्पनेतला हा उपक्रम त्यांनी हाती घेतला तो २००६मध्ये. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात 'म्हादेई' बांधली जात असताना दोंदे तिथे होते. तिची लाकडाची पट्टी न् पट्टी, वायर न् वायर त्यांना माहीत होती. आधी सरावाच्या सफरी झाल्या, मग प्रदक्षिणा. तीन वर्षं तयारी, नऊ महिने प्रवास. पुढे त्याच 'म्हादेई'वरून अभिलाष टॉमी कुठेही न थांबता एकट्याने फिरून आले, आणि २०१७-१८मध्ये वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली सहा महिला अधिकाऱ्यांनी 'तारिणी'वरून प्रदक्षिणा केली. त्याआधी त्यांनीही मॉरिशसपर्यंत जाऊन सराव केला होता. आणखी एक गोष्ट आपल्या जवळची. जगात पहिल्यांदा एकट्याने, न थांबता पृथ्वीभोवती फिरलेले रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन, १९६८-६९मध्ये ३१२ दिवसांत. त्यांची 'सुहेली' ही बत्तीस फुटी सागवानी बोट बांधली गेली होती आपल्या मुंबईत. माझ्या 'बावखल'पेक्षा फक्त एक फूट मोठी. तेव्हा बोट लहान होती ही सबब मला नाही.

जानेवारीत आम्ही दोघं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो. मी म्हणालो, "तुझी इच्छा नसेल तर बोट विकून टाकतो." मला वाटलं होतं ती सुटकेचा श्वास टाकेल. ती म्हणाली, "विकायची कशाला? यंदा नाही जायचं. शिकून जायचं." मग तिनेच वही काढली. शिक्षिका ती! वहीत दोन रकाने, 'येतं' आणि 'येत नाही'. 'येत नाही'चा रकाना पान उलटून पुढे गेला.

त्याप्रमाणे चाललंय. ती आठवड्यातून तीन दिवस पोहायला जाते, पन्नाशीनंतर, लहान मुलांच्या तुकडीत. दोघांनी वायरलेसवर बोलायचं शिक्षण घेतलं. तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक आता केबिनच्या दारावर लिहिलेला आहे. तुमच्यापैकी जे किनाऱ्यावर राहतात त्यांनीही तो लिहून ठेवा. दुसरा नांगर आता पेटीत नाही, मागच्या कठड्याला बांधलेला असतो, एका ओढीत सुटेल असा. आणि नांगर टाकण्याआधी एकाने मोठ्याने तिथी सांगायची, दुसऱ्याने रात्री वारा कुठून येईल ते सांगायचं. उत्तर आल्याशिवाय साखळी सुटत नाही. पावसाळ्यात बोट वर काढू. नारळी पौर्णिमेनंतर दर्या निवला की पहिली एक रात्र किनारा न दिसता काढायची, मग तीन रात्री. जमलं तर पुढचं. नाही जमलं तर तेही इथे येऊन सांगेन.

बाई, कार्यक्रम संपल्यावर मी तुमच्याकडे येणार आहे. खिशात कागद-पेन्सिल आणली आहे. आकृती पुन्हा काढून दाखवतो. बाण बरोबर असतील तर तो अर्धा गुण तेवढा परत द्या.

आणि ज्याने ट्यूनाची ऑर्डर दिली होती त्याला सांगतो, ऑर्डर रद्द नाही, थोडी लांबली आहे.